बकरीला मारलं कोणी? जंतूनं की तिच्याच फौजेनं?

अकोला-अमरावतीकडं पाऊस सुरू झाला की गोठ्यात एखादी बकरी खोकायला लागते. ताप, नाकातून शेंबूड, चारा बंद. कधी दोन-तीन दिवसांत खेळ खलास. बकरी म्हणजे गरिबाची गाय, तिच्यावर पोरांची फी अन् बियाण्याचा खर्च असतो. मग हिला मारलं कोणी?

जुनं उत्तर सोपं होतं: जंतूनं. १८८० मध्ये लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होता. त्या जंतूच्या कुळाला पुढं त्याच्यावरूनच ‘पाश्चुरेला’ नाव पडलं. आपल्याकडं १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा निघाली, १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तो काळच असा होता: जंतू पकडा, लस बनवा.

पण इथं एक गोची होती. न्यूमोनियाचा एक मोठा गुन्हेगार म्हणजे मॅनहेमिया हिमोलिटिका. १९९९ पर्यंत हाही पाश्चुरेलाच म्हणवला जायचा. हा धडधाकट जनावराच्या नाका-घशातही गुपचूप राहतो. भिजणं, लांबचा प्रवास, आधीचा विषाणू यांनी जनावर खचलं, की तो फुप्फुसात उतरतो.

मग शरीर पांढऱ्या पेशींची फौज पाठवतं. जंतू एक विष सोडतो, ते गाय-बकरीसारख्या रवंथ करणाऱ्यांच्याच पांढऱ्या पेशींना धरतं. पेशी फुटतात अन् जंतूसाठी ठेवलेला दारूगोळा फुप्फुसावरच सांडतो. हवेच्या पिशव्या पाण्यानं भरतात, श्वास कोंडतो.

१९८५ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात वासरांच्या या पेशी आधीच कमी केल्या होत्या. जंतू तोच दिला, पण फुप्फुसाची नासाडी बरीच कमी झाली!

म्हणून फौजच नको का? तसं नाही, तिच्याशिवाय जंतू मोकाट सुटेल. तिला जंतू थोडे असतानाच गाठू द्यायचं. म्हणून खोकला दिसला त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. तो जंतूंवरच्या औषधासोबत सूज कमी करणारंही देतो, ते याचसाठी. अन् पावसाळ्याआधीची घटसर्पाची लस चुकवू नका, पण ती या जंतूवर चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. गोठा कोरडा अन् हवेशीर ठेवणं, हे मात्र दोन्हींवर कामाचं.

चला, भेटू पुढच्या भागात!