गिअर बदलण्याचा निर्णय कोणाचा?

१/ परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे एकेकाळी निजामाच्या रेल्वेचे मीटरगेज जंक्शन होते. याच रेल्वेने १९३२ मध्ये हैदराबाद संस्थानात २७ बसगाड्यांनिशी रस्तेवाहतूक सुरू केली.

२/ त्या काळच्या अवजड गाड्यांत गिअर सहजी पडत नसे. चालक क्लच दोनदा दाबी, इंजिनाचा आवाज ऐके आणि वेग जुळताच दांडा सरकवी. निर्णय त्याच्या कानाचा होता.

३/ १९३९ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ आणले आणि हा निर्णय तेलाच्या दाबाकडे गेला. व्हॉल्व्हमधून वाट काढणारा दाबच गिअर बदलू लागला.

४/ प्रवाशांना धक्का बसू नये म्हणून अभियंत्यांनी पुढे हा बदल मुद्दाम सावकाश ठेवला. मोटारीला ते मानवले. ओझ्याच्या ट्रकला नाही. सावकाश आवळणाऱ्या क्लच प्लेटा घसरतात, तापतात, अखेर जळतात.

५/ त्यावरची तोड म्हणजे शिफ्ट किट. मालक घरीच ऑइल पॅन उतरवून व्हॉल्व्ह बॉडी खोलतो, स्प्रिंगा बदलतो, आतल्या पत्र्याची ठरावीक छिद्रे मोठी करतो. दाब वाढतो, प्लेटा चटकन आवळतात. सुखद संथपणा जातो, आयुष्य वाढते.

६/ यंत्राकडे गेलेला निर्णय अंशतः माणसाकडे परततो, मात्र जोखमीसह. जुन्या चालकाची चूक दात्यांच्या खरखरीतून तत्क्षणी ऐकू येई. येथे एक पोलादी गोळी चुकीच्या खाचेत बसली, तर ते गिअरपेटी बंद करून गाडी रस्त्यावर आणल्यावरच कळते.