जोडेघाटची पुनव

आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर गुडीहत्नूरचा फाटा लागतो. तिथून डावीकडची वाट धरली की इंद्रवेल्ली, उटनूर, जैनूर करत रस्ता केरामेरीच्या डोंगरांत शिरतो आणि त्याच डोंगरांत जोडेघाट आहे. आपल्याकडे कोजागिरीचं दूध आटत असतं, तेव्हा आश्विन पौर्णिमेला गोंड आणि कोलाम लोक जोडेघाटला जमतात. निजामाविरुद्ध लढलेला गोंड सेनानी कुमराम भीम याची ही वर्धंती, म्हणजे पुण्यतिथी. पूजा होते, झेंडा चढतो, सरकारी अधिकाऱ्यांसमोर गाऱ्हाणी मांडली जातात. थोरामोठ्यांचे स्मृतिदिन आपण सहसा इंग्रजी तारखेने पाळतो. भीमची वर्धंती मात्र तिथीनेच पाळली जाते आणि सरकारही तीच मानतं. ही रीत आली कुठून, हे शोधू लागलं की भीमच्या चरित्राचीच कुळकथा हाती येते.

भीम लढला १९४० साली. मुलूख निजामाचा, पण ब्रिटिशांच्या मध्यप्रांतातला चांदा जिल्हा जवळच होता. जंगल राखीव झालं, गोंडांची पिढीजात पोडूची, म्हणजे फिरती शेती बेकायदा ठरली आणि पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावावर चढले. घराण्याच्या शेतावरून झालेल्या भांडणात भीमच्या हातून सिद्दीकी नावाचा माणूस मारला गेला, मग तो चांद्याकडे पळाला, तिथे विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे अक्षरओळख करून घेतली आणि पुढे आसामच्या चहामळ्यांत राबून परतला, असं सांगतात. परतल्यावर त्याने जोडेघाट, पाटणापूर, बाबेझरी अशी बारा गावं धरली, माणसं उभी केली आणि त्या गावांवर गोंडांचा हक्क मागितला. जल, जंगल, जमीन ही घोषणा आज त्याच्या नावाशी जोडलेली आहे. निजामाची फौज चालून आली आणि जोडेघाटच्या डोंगरात भीम पडला.

भीमने स्वतःच्या हाताने लिहिलेली बखर नाही, पत्रव्यवहाराचं दफ्तर नाही. जो कागद झाला, तो त्याच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांच्या कचेरीत झाला. निजामाची कचेरी फसली सन चालवी. हे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बदले आणि महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी. गोंडांचं सारं चंद्रावर. छापणारे पुढे आले ते इंग्रजी तारखा घेऊन. एकाच प्रसंगावर तीन पंचांगं चालली. कदाचित म्हणूनच भीमच्या मृत्यूची तारीख कुठे १ सप्टेंबर, कुठे २७ ऑक्टोबर अशी छापलेली आढळते.

इथे आकाशालाच साक्षीला बोलवावं. १ ऑक्टोबर १९४० रोजी सूर्यग्रहण झालं होतं, म्हणजे त्या दिवशी अमावास्या. त्यावरून हिशेब केला की आश्विन पौर्णिमा येते १६ ऑक्टोबरला. १ सप्टेंबर हा दिवस श्रावण अमावास्येच्या तोंडावरचा, म्हणजे पोळ्याचा. भीम पोळ्याला पडला असता, तर बैलांची पूजा करणाऱ्या एकाही शेतकऱ्याला तो दिवस विसरता आला नसता आणि वर्धंती पोळ्यालाच झाली असती. २७ ऑक्टोबर येतो वसुबारसेच्या सुमाराला, दिवाळीच्या उंबरठ्यावर. दिवाळीच्या दंडारी उत्सवात घुसाडी नाचणाऱ्या गोंडांनी तोही लक्षात ठेवला असता. छापील तारखा एकमेकींशी भांडतात आणि लोकांची पुनव मात्र जागची हलत नाही. एवढ्यावरून निकाल लागत नाही, पण पुराव्याचं वजन कुठल्या बाजूला आहे ते कळतं.

मराठी वाचकाला हे नवं नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद आपण पिढ्यान् पिढ्या घातला आणि त्याला वळण दिलं ते जेधे शकावलीने. बड्या दरबाराची बखर बाजूला राहिली आणि कारीच्या जेधे देशमुख घराण्यातल्या तिथीवार नोंदींना मान मिळाला. का, तर जे तो दिवस जगले त्यांनी तो आपल्या पंचांगात टिपून ठेवला होता. जोडेघाटची पुनव ही तशीच नोंद आहे, फक्त ती कागदावर नसून रिवाजात आहे.

गोंडांकडे असं जतन करणारी माणसंही असतात. प्रधान हे त्यांचे परंपरागत भाट. घोड्याच्या केसांच्या गजाने तारांची किकरी वाजवत ते कुळांच्या कथा गातात. केसलापूरच्या नागोबाची महापूजा मेश्राम कुळ पौष अमावास्येच्या रात्री करतं, तीही याच चांद्रगणिताने. ज्या समाजाची देवकार्यं अमावास्या-पौर्णिमेवर चालतात, त्याने आपल्या सेनानीचा दिवस चंद्रावरच टांगला, यात नवल नाही.

भीम पडल्यावर मग दुसरा कागद तयार होऊ लागला. बंडाची कारणं शोधायला निजामाने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांत पाठवलं. मारलवाईला राहून त्याने अहवाल लिहिले आणि जमीन हिरावली गेली हेच दुखणं असल्याचं नोंदवलं. नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार त्याच दशकात त्याने सुरू केला. जोडेघाटच्या वर्धंतीतला दरबार याच वळणाचा आहे. त्या अहवालांनंतर सुमारे १ लाख ६० हजार एकर जमिनीचे पट्टे आदिवासींना मिळाले. आदिवासींच्या या कामावर असलेले निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी गोंडी आणि कोलामी शिकले आणि त्यांनी या भाषांची व्याकरणं लिहिली. मोगल दरबारची फारसी बातमीपत्रं मराठीत आणणारे हेच पगडी.

पुढे साहू आणि अल्लम राजय्या यांनी भीमवर तेलुगू कादंबरी लिहिली आणि तिने त्याची गोष्ट डोंगराबाहेर नेली. सिनेमे आले, हैदराबादच्या टँक बंडवर पुतळा आला, जोडेघाटला संग्रहालय झालं आणि २०१६ मध्ये आसिफाबाद जिल्ह्याला भीमचं नाव मिळालं. या सगळ्याच्या आधी, कुणी काही लिहीत नव्हतं तेव्हा, गोंडांच्या आठवणीत ही पुनव होती.

गुडीहत्नूरपासून उटनूरपर्यंत मराठी कानावर पडते, गोंडांशी व्यवहारात चालते. म्हणून भीमचं साधार चरित्र मराठीत होणं ही आपलीच जबाबदारी आहे. जो कुणी ते लिहील, त्याने फसली सनाचे कागद जरूर धुंडाळावेत, हाइमेनडॉर्फचे अहवाल वाचावेत, किकरीवाल्या प्रधानांपुढे बसावं. पण मृत्यूच्या दिवसाच्या रकान्यात पहिली नोंद आश्विन शुद्ध पौर्णिमेची करावी आणि इंग्रजी तारीख तिच्यावरून ताडून लिहावी. ज्यांची माणसं त्या डोंगरात पडली, त्यांचा शब्द चरित्रात पहिला यायला हवा.