पॅरिस–रूबे

उत्तर फ्रान्समधील एकदिवसीय सायकल शर्यत. साधारणतः एप्रिलमधील एका रविवारी होते. अंतर सुमारे २६० किमी.; त्यांपैकी ५५ किमी.च्या आसपास जुने दगडी शेतरस्ते. १९७७ पासून सुरुवात पॅरिसऐवजी काँप्येन्यहून होते. शेवट रूबेच्या वेलोड्रोमवर.

रूबेचे कापड कारखानदार तेओदोर व्हिएन व मोरिस पेरेझ यांनी गावात वेलोड्रोम बांधले होते. त्याचा गाजावाजा व्हावा म्हणून १८९६ मध्ये ‘ल व्हेलो’ या क्रीडापत्राच्या साह्याने शर्यत सुरू झाली. पहिला विजेता जर्मनीचा योसेफ फिशर. ती ईस्टरच्या रविवारी झाली, असे काही लेखक लिहितात. पण तिची तारीख १९ एप्रिल दिली जाते आणि त्या वर्षीचा ईस्टर ५ एप्रिलला होता. ‘उत्तरेचा नरक’ हे नाव १९१९ चे, महायुद्धाने उजाड केलेल्या मुलखावरून पडलेले.

रस्ता : शर्यतीचे खरे महत्त्व यातच आहे. चिरे ओबडधोबड, सांधे उघडे, मधला भाग फुगीर. स्वार त्या उंचवट्यावरून जातात, नाहीतर कडेच्या मातीच्या पट्टीवरून. रुंद टायर कमी हवेवर चालवतात. कोरड्या दिवशी धूळ उडते, ओल्या दिवशी चिखलाने चेहरे ओळखू येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावी डांबर पडू लागले, तेव्हा आयोजकांना दगडी वाटा शोधत हिंडावे लागले. माजी विश्वविजेता झाँ स्टाब्लिन्स्की याने सुचवलेला आरेनबर्ग जंगलातील सुमारे २.३ किमी.चा सरळ पट्टा १९६८ मध्ये आला. त्याच परिसरातील कोळसा खाणीत त्याने तरुणपणी काम केले होते. येथेच १९९८ मध्ये योहान मुसेऊचा गुडघा फुटला. दगडांमधले गवत निसरडे होते, म्हणून अलीकडे तेथे शेळ्या चरायला सोडतात. उखडलेले चिरे ‘पॅरिस–रूबेचे मित्र’ ही स्वयंसेवी संस्था बसवते. विजेत्याचा करंडकही दगडी चिराच.

विजेते : प्रत्येकी चार विजय रॉजर द व्लामिंक व टॉम बोनेन (दोघे बेल्जियम) यांचे. १९४९ मध्ये आंद्रे माहे पुढे होता. त्याला चुकीच्या वाटेने वळवले गेले व तो भलत्याच दाराने वेलोड्रोममध्ये शिरला. बराच वाद होऊन माहे व सेर्से कोप्पी हे संयुक्त विजेते ठरले.

महिलांची शर्यत २०२१ पासून. पहिली विजेती लिझी डिग्नन (ब्रिटन).