'जॉइन' या इंग्रजी क्रियापदाची व्युत्पत्ती आणि अर्थविस्तार

इंग्रजी 'जॉइन' आणि मराठी 'जोडणे' यांच्या उच्चारसाम्यावरून पहिला शब्द भारतीय भाषांतून इंग्रजीत गेला असावा, असे अनेकदा प्रतिपादन केले जाते. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे.

'जॉइन' हे क्रियापद लॅटिन 'युंगेरे'पासून आले. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच ही दरबाराची भाषा झाली आणि त्या मार्गाने हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. लॅटिन 'युगुम', संस्कृत 'युग' आणि इंग्रजी 'योक' या तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ बैलांच्या मानेवरील जू हाच आहे. 'युग'मधील 'ग'च्या जागी 'योक'मध्ये 'क' का, याचे नियमबद्ध उत्तर याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये दिले. म्हणजेच इंग्रजीजवळ या कुळातील स्वतःचा शब्द आधीपासूनच होता. तो शेतकऱ्याकडे राहिला. 'जॉइन' मात्र जेत्यांच्या भाषेतून आला.

येथे 'ज' या वर्णाचा इतिहास विशेष उद्बोधक ठरतो. लॅटिनमधील आरंभीचा 'य' प्राचीन फ्रेंचपर्यंत येताना 'ज' झाला. इकडे संस्कृतातील आरंभीचा 'य'ही प्राकृतात 'ज' झाला आणि 'युग'चे मराठीत 'जू' झाले. ही दोन स्थित्यंतरे परस्परांशी संबंध नसताना घडली. त्यामुळे 'जॉइन' आणि 'जू' यांचे नाते खरे असले, तरी त्यांचा 'ज' हा त्या नात्याचा पुरावा नव्हे. वरील प्रतिपादनाची गफलत नेमकी येथेच होते.

जुवातून अधीनतेचाही अर्थ निघाला. इ.स.पू. 321 मध्ये सॅम्नाइट लोकांनी पराभूत रोमन सैन्याला जुवाखालून जाण्यास भाग पाडले. 'सब्जुगेट' या शब्दात ती प्रथा आजही टिकून आहे. इंग्लंडमध्ये 'जॉइनर' म्हणजे लाकडाचे सांधे जुळवणारा कारागीर. लंडनमध्ये जॉइनर व सुतार यांच्या कामांची हद्द 1632 मध्ये अधिकृतपणे ठरवावी लागली. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये तर क्विन्स हा सुतार आणि स्नग हा जॉइनर, असे दोघेही आहेत.

महाराष्ट्रातील नवनियुक्त प्राध्यापक आज 'जॉइन' होतो. कार्यालयीन मराठीत तो 'रुजू' होतो. पण 'रुजू' हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ 'परतणे' असा आहे.