सांधेतपासणी, श्राव्यातीत (मल्लांची)

गुडघा, खांदा, कोपर इत्यादी सांध्यांभोवतीच्या मृदू भागांना झालेली इजा, ती बळावून मल्लास आखाड्याबाहेर बसवण्यापूर्वीच, श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने हुडकून काढण्याची वैद्यकीय पद्धत. व्यवहारात हिला सांध्याची सोनोग्राफी म्हणतात. शिरपूर जैन (ता. मालेगाव, जि. वाशीम) व वऱ्हाडातील तत्सम गावांतून येणाऱ्या मल्लांना ती विशेष उपयुक्त होय, कारण तीत क्ष-किरणांचा संपर्क नाही, खर्च एमआरआयच्या मानाने पुष्कळ कमी आहे आणि सांधा हलत असतानाच त्याचे अंतरंग पडद्यावर पाहता येते.

तत्त्व व इतिहास : सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनी मनुष्यास ऐकू येत नाही, सांध्यांसाठी साधारणतः ७ ते १८ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या लहरी योजतात. पिएर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवलेला दाबविद्युत परिणाम हा सोनोग्राफी यंत्राचा पाया होय. सांध्यांच्या ऊतकांवरील आद्य श्राव्यातीत अभ्यास के. टी. डुसिक यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. गुडघ्यामागील द्रवपुटी व शिरेतील गुठळी यांतील भेद या पद्धतीने १९७२ मध्ये दाखवण्यात आला.

पद्धती : मल्लास उताणे निजवून, गुडघ्याखाली उशी देऊन तो २० ते ३० अंशांत वाकवतात आणि वाटीच्या वरच्या अंगास जेल लावून त्यावर शोधनी (यंत्राचा ध्वनिलहरी सोडणारा व टिपणारा भाग) टेकवतात. सांध्यात पाणी झाले असल्यास तेथे काळा पट्टा उमटतो. निरोगी कंडरा विंचरलेल्या केसांप्रमाणे समांतर तंतूंची दिसते. मात्र शोधनी किंचित कलली तरी तीच कंडरा काळवंडून फाटल्याचा भास होतो. म्हणून हात कसलेला हवा आणि दुसऱ्या पायाशी तुलना अवश्य हवी. पट काढताना पुढचा गुडघा वारंवार जमिनीवर आदळल्याने वाटीपुढील द्रवपुटी सुजते, ती यात स्पष्ट दिसते.

मर्यादा : एसीएल हा सांध्याच्या गाभ्यातील बंध, सांध्यातील कूर्चेच्या गादीचा आतला भाग आणि हाडाच्या आतील इजा यांचा निर्वाळा ही तपासणी देऊ शकत नाही, तेथे एमआरआयच करावा लागतो. शिवाय, काहीही दुखत नसलेल्या खेळाडूच्या सांध्यातही लहानसहान विकृती आढळतात. तेव्हा केवळ चित्रावरून कोणास अपात्र ठरवणे अन्यायाचे होईल.

कायदा : सोनोग्राफी यंत्राने गर्भाचे लिंगही कळू शकत असल्याने त्याच्या वापरावर कायद्याचे बंधन आहे. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये केला व १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यानुसार प्रत्येक यंत्राची व केंद्राची नोंद समुचित प्राधिकाऱ्याच्या दफ्तरी असावी लागते आणि सुटे यंत्र उचलून तालमीत नेण्याची मुभा नाही. सबब मल्लानेच नोंदणीकृत केंद्र गाठले पाहिजे.

महत्त्व : हेलसिंकी येथे १९५२ मध्ये कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक देणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव पुढच्या ऑलिंपिकआधी गुडघ्याच्या दुखापतीने कुस्तीस मुकले. त्या काळी ही सोय नव्हती, आज आहे. म्हणून गुडघ्याची सूज आठवडाभरात उतरली नाही, तर शेक-लेपावर विसंबून पठ्ठ्यास पुन्हा हौद्यात उतरवण्याऐवजी वस्तादाने त्यास प्रथम डॉक्टरांकडे धाडावे.