मूल गेलेल्या घरातला बाप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या वाशीम जिल्ह्यातले कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव. भाविक तिथे गुरूंच्या दर्शनाला जातात. मी कवितेचा माणूस. मला आठवतात ते त्यांचे आईवडील, अंबा आणि माधव. सरस्वती गंगाधरांच्या 'गुरुचरित्रा'त त्यांची कथा आहे. मुंजीपर्यंत ओंकाराखेरीज काही न बोललेला मुलगा मुंज होताच वेद म्हणू लागतो आणि घर सोडायला निघतो. आई कोसळते. तुम्हाला आणखी मुले होतील, असे तो सांगतो. जुळे भाऊ जन्मेपर्यंत थांबतो आणि काशीची वाट धरतो. तीस वर्षांनी परत येतो तो संन्यासी होऊन. आता हे काही मरण नव्हे. पण मांडीवरचे मूल गेले ते गेलेच. आईचा आकांत पोथीत भरभरून आहे. माधव मात्र बाजूला उभा.

याच ग्रंथात शिरोळच्या गंगाधराच्या बायकोची कथा येते. तिची मुले एकामागून एक गेलेली. मग औदुंबराच्या सेवेने झालेला मुलगाही धनुर्वाताने जातो. बाई प्रेत उराशी धरून बसते, दहनाला देत नाही. एक ब्रह्मचारी येऊन देहाच्या नश्वरतेचा उपदेश करतो, तेव्हा ती गुरूंनी दिलेल्या वचनाचे काय, असे त्यालाच विचारते! प्रेत घेऊन ती पादुकांपाशी जाते आणि डोके आपटते. पुढे मूल उठते, हा श्रद्धेचा भाग झाला. मला अपूर्वाई वाटते ती त्या प्रश्नाची. पाचेकशे वर्षांपूर्वीच्या मराठी ग्रंथात एक बाई ज्ञान सांगणाऱ्याला अडवते, आणि ग्रंथकार तिला गप्प करीत नाही. गंगाधर मात्र या साऱ्या प्रसंगात बोलतो फार थोडे.

बापाचे दुःख मला भेटले ते मर्सियात. आमच्या विदर्भात मोहरमच्या सवाऱ्या गावोगाव निघतात, हिंदूही त्यांना खांदा देतात. करबलाची लढाई इसवी सन ६८० ची. तहानेने व्याकूळ झालेले सहा महिन्यांचे बाळ, अली असगर, हातावर घेऊन हुसैन पाणी मागतात आणि बाळाच्या गळ्यात बाण बसतो. परंपरा सांगते, की ते बाळ घेऊन हुसैन तंबूकडे जातात, परत फिरतात, पुन्हा जातात. आत बाळाची आई रबाब आहे. तिला काय सांगायचे? लखनौच्या मीर अनीस (१८०३–१८७४) यांच्यासारख्या शायरांनी मर्सियाला जी उंची दिली, ती अशा प्रसंगांवर. शत्रूसमोर न डगमगणारा माणूस बायकोसमोर जायला कचरतो. आमच्यात लहान मुलाला जनाजा लागत नाही, बापच दोन्ही हातांवर घेऊन कबरस्तानात जातो. परतताना ते हात रिकामे असतात आणि घरात ती वाट पाहत असते.

मराठी नाटकाने बापाला बोलते केले, पण गुन्हेगार करून. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सुधाकराच्या दारूपायी तान्हे मूल जाते. सिंधू मरतानाही नवऱ्याला वाचवते. शेवटी तोही जीव देतो. गडकरी १९१९ मध्ये आपल्या विदर्भातच, सावनेरला वारले. नाटक त्याच वर्षी, त्यांच्या मागे रंगभूमीवर आले. त्यातला बाप रडतो खरा, पण त्याचे दुःख पश्चात्तापात बुडून जाते.

आणि आनंदीबाई जोशी? १८७८ मध्ये, तेराचौदा वर्षांच्या वयात त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्यातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची पदवी मिळाली, पुढच्याच वर्षी त्या गेल्या. काशीबाई कानिटकरांचे चरित्र, श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' (१९६८), मग २०१९ चा चित्रपट. ही कथा पुन्हा पुन्हा सांगितली गेली. आपल्या मनात ठसले आहेत ते गोपाळरावांचा हट्ट, तापटपणा, बायकोला शिकवण्याचे वेड. ते मूल त्यांचेही होते, हे आपण सहसा बोलत नाही. मला तर त्या वेडातही मेलेल्या मुलाचा बाप दिसतो. त्या दोघांना पुन्हा मूल झाले नाही.