बेटमन्स, 1902 : एका जुन्या घराच्या दुरुस्तीचे कागद

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात, बर्वॉश गावाच्या खालच्या खोऱ्यात एक दगडी घर आहे. त्याच्या दारावर 1634 हे साल कोरलेले आहे. घराचे नाव बेटमन्स. 1902 साली एका जोडप्याने ते विकत घेतले. घर, जवळच्या इमारती, ओढ्यावरची पाणचक्की आणि 33 एकर जमीन मिळून 9,300 पौंडांना सौदा झाला. नवरा छत्तीस वर्षांचा होता आणि त्याचा जन्म मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. बायको अमेरिकन, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. लेखक रडयार्ड किपलिंग आणि कॅरोलाइन, म्हणजे कॅरी. घरात न्हाणीघर नव्हते, माडीवर पाणी चढत नव्हते, वीज नव्हती.

या दुरुस्तीची हकिकत बहुतेक लोक एकाच ठिकाणाहून उचलतात, ते म्हणजे किपलिंगचे आत्मचरित्र. ती सुंदर हकिकत आहे, पण ती 1935 साली, मृत्यूच्या काही महिने आधी लिहिली गेली. घर घेतल्याला तेव्हा तेहतीस वर्षे होऊन गेली होती. इतक्या वर्षांत अडचणींचे किस्से होतात आणि किस्से सांगून सांगून गुळगुळीत होतात. म्हणून त्या वेळचे कागद शोधावे लागतात. हा माणूस मात्र कागद जाळणारा होता. आईवडील गेल्यावर त्याने त्यांची पत्रे जाळली, स्वतःचीही होती तितकी नष्ट केली. जे उरले ते पत्रे मिळालेल्या लोकांच्या घरी उरले आणि थॉमस पिनी यांनी ते सहा खंडांत छापले. दुसरा आधार कॅरीच्या रोजनिशीचा. लग्नाच्या वर्षापासून, 1892 पासून, नवऱ्याच्या मृत्यूपर्यंत ती रोज लिहीत होती. मूळ वह्या आज नाहीत. चरित्रकार चार्ल्स कॅरिंग्टन यांनी पुस्तकासाठी त्यांतून उतारे काढून घेतले होते, ते शिल्लक आहेत. तिसरा आधार घराचाच: चर, तळे, चक्की आणि अभ्यासिकेत लावलेला बागेचा आराखडा.

हे जोडपे मुळात घर शोधायला का निघाले? त्याआधी ते समुद्रकाठच्या रॉटिंगडीन गावात भाड्याने राहत होते. किपलिंग तोवर इतका प्रसिद्ध झाला होता की घोडागाड्या भरून आलेले सहलवाले त्याच्या कुंपणावरून आत डोकावत. आत्मचरित्र वाचले तर स्थलांतराचे कारण हेच वाटते. पण मार्च 1899 मध्ये न्यूयॉर्कला त्यांची थोरली मुलगी जोसेफिन न्यूमोनियाने गेली. ती सहा वर्षांची होती. किपलिंग स्वतः त्याच आजारात मरणाच्या दारात होता, त्याला ही बातमी उशिरा सांगितली गेली. तिच्या मृत्यूबद्दल आत्मचरित्रात एक अक्षर नाही. तिच्या जाण्याने काय झाले ते कळते त्याच्या वडिलांच्या पत्रातून. लॉकवुड किपलिंग, ज्यांनी मुंबईत जे. जे. मध्ये दहा वर्षे शिकवले आणि ज्यांची शिल्पे क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भिंतीवर आजही दिसतात, ते लिहितात की रॉटिंगडीनचे घर आणि बाग त्या मुलीने भरून गेली आहे. दार उघडले, जेवणाच्या टेबलाशी एखादी जागा रिकामी दिसली, की रडयार्डला ती दिसते.

हे पत्र शेजारी ठेवून आत्मचरित्रातला बेटमन्सच्या पहिल्या भेटीचा उतारा वाचावा. जाहिरात पाहून दोघे एका अरुंद, खोलगट गल्लीतून खाली उतरले आणि घर दिसताच हेच, असे ठरले. मग त्यांनी खोलीन् खोली फिरून पाहिली. कशासाठी? तुळयांना कीड लागली आहे का, छत गळते का, हे तो सांगत नाही. तो सांगतो की जुन्या दुःखाची, घुसमटीची सावली कुठल्याही खोलीत जाणवली नाही. तीनशे वर्षांच्या घरात माणूस हे तपासतो तेव्हा त्याने मागे काय सोडले आहे ते त्याच्या वडिलांच्या पत्रात दिसते. माझ्या मते या खरेदीचे पहिले कारण इथे आहे, कुंपणावरून डोकावणारे सहलवाले दुसरे.

घरमालक म्हणाला, मी नुकतेच बारा महिन्यांसाठी भाड्याने दिले आहे. दोघे परतले आणि अशा दरीत कोण राहणार, असे एकमेकांना पटवत राहिले. आत्मचरित्राच्या ओघात ही ताटातूट थोडक्यात संपते. तारखा लावल्या तर पहिली भेट 1900 सालची आणि राहायला जाणे 3 सप्टेंबर 1902 चे, म्हणजे दोन वर्षे गेली. सौद्याच्या वेळी मालकाने काळजीने विचारले की स्टेशन चार मैलांवर आहे, या चढावर माझ्या घोड्यांच्या दोन जोड्या झिजल्या, तुमचे कसे होणार? किपलिंग मोटारीत बसूनच बोलत होता. ही असली यंत्रे टिकायची नाहीत, असे मालकाचे मत पडले. मोटार टिकणार हे मला तेव्हा कळले असते तर दुप्पट किंमत मागितली असती, हे त्याने पुढे कबूल केले. जुन्या घराचे मोल ठरवताना रस्ता किती महत्त्वाचा असतो याचा हा चोख पुरावा आहे.

राहायला जाणे दोघांनी वेगवेगळ्या तऱ्हेने नोंदवले. नोव्हेंबरमध्ये किपलिंगने हार्वर्डचे प्राध्यापक चार्ल्स एलियट नॉर्टन यांना पत्र लिहिले. शेवाळलेला करडा दगड, लाकडी तक्तपोशी, ओकचा जुना जिना, लाल विटांची बागेची भिंत यांचे त्यात मन लावून केलेले वर्णन आहे. कुणी कुठे हात लावून काही बिघडवलेले नाही, याचा आनंद मोठा आहे. कॅरीची सप्टेंबरमधली नोंद तीन-चार शब्दांची आहे: गोंधळ आणि काळाकुट्ट अंधार. घराचे एक चित्र मित्राला पाठवण्याजोगे आहे, दुसरे सामानाच्या ढिगाऱ्यात उभ्या असलेल्या बाईचे. दोन्ही खरी आहेत. पण दुरुस्तीचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कॅरीच्या नोंदीपासून करावी लागते, कारण त्या अंधाराचे काय करायचे हाच या घरातला पहिला मोठा प्रश्न होता.

आत्मचरित्र म्हणते की नोकरमाणसांना कंदील-मेणबत्तीच्या उजेडात असे घर दाखवून थांबवता आले नसते, म्हणून वीज. 1902 साली खेड्यात वीज म्हणजे ती स्वतःच तयार करायची. बागेच्या टोकाला पाणचक्की होती, तिचे छोटे तळे होते. चाक सोडवून ते पाणी टर्बाइनला द्यावे असा किपलिंगचा बेत होता. एका शनिवार-रविवारच्या मुक्कामात त्याने हा बेत सर विल्यम विल्कॉक्स यांना सांगितला. नाईल नदीवर आस्वानला त्याच वर्षी पूर्ण होत असलेल्या धरणाचे आराखडे विल्कॉक्स यांचे. त्यांचा जन्म भारतातला, शिक्षण रुडकीचे, पहिली नोकरी इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यातली. उतारवयात कलकत्त्याला येऊन बंगालच्या जुन्या पाटबंधाऱ्यांवर व्याख्याने देणारे तेच हे विल्कॉक्स. तुम्हाला धरणातले काही कळत नाही, मी येऊन बघतो, असे म्हणून ते सोमवारी सकाळी हजर झाले. ओढा पाहिला, पाट पाहिला आणि सांगितले: साडेचार अश्वशक्ती मिळेल, त्याहून जास्त नाही. तेवढीच मिळाली. काठावरची झाडेझुडपे तोडा, काठाला एकास तीन उतार द्या, आणि तारा खांबांवरून नेऊ नका, जमिनीत पुरा, हेही त्यांनीच सांगितले.

केबलचा तपशील मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो जुन्या घराच्या दुरुस्तीतला नेहमीचा शहाणपणा दाखवतो. किपलिंगने समुद्राखालून टाकायची एक जाड केबल मिळवली. ती 1,200 व्होल्टच्या चाचणीत नापास झाली होती. समुद्राला ती निरुपयोगी ठरली, पण या घरात दाब होता 110 व्होल्ट. शिवाय इतक्या कमी दाबाने वीज लांब न्यायची तर तार जाड हवी, नाहीतर निम्मी वीज वाटेतच तापून जाते. नापास मालाने दोन्ही गरजा भागवल्या. ती चक्कीपासून घरापर्यंत चरात पुरली गेली. आत्मचरित्रात हे अंतर एक फर्लांग, म्हणजे 220 यार्ड आहे. आज घर सांभाळणारा नॅशनल ट्रस्ट 250 यार्ड सांगतो. तीस यार्डांचा हा फरक साधा आहे. फर्लांग हा बोलण्यातला गोल आकडा, आणि पंचवीस वर्षे तक्रार न करता चाललेली तार कुणी मोजत बसत नाही.

उजेड किती मिळाला? रोज संध्याकाळी साधारण चार तास, 60 वॅटचे दहा दिवे. साडेचार अश्वशक्ती म्हणजे सव्वातीन किलोवॅटच्या वर. दहा दिव्यांना लागतात 600 वॅट. कागदावर हा हिशेब बसत नाही, ओढ्यावर बसतो. विल्कॉक्स यांनी सांगितलेला आकडा तळे भरलेले असतानाचा, कमाल. तळे लहान, ते उपसले की पुन्हा भरायची वाट पाहायची. डायनामो आणि तारेतली घट वेगळी. त्यातून कार्बनच्या तंतूचे दिवे आजच्या मापाने मंद होते. काळ्या ओकच्या तक्तपोशीने मढवलेल्या खोल्यांत त्यांचा उजेड भिंतीतच शोषला जात असणार. तरी कॅरीने पहिल्या दिवशी नोंदवलेला तो अंधार गेला.

हे काम हातांनी केले ते बर्वॉशच्या माणसांनी. आत्मचरित्रातला हा भाग किपलिंगने मनापासून लिहिला आहे आणि साम्राज्याचा डंका पिटणाऱ्या कवीविषयी आपल्या मनात जे असते ते बाजूला ठेवून तो वाचावा. पहिले मोठे काम सुरू होऊन माघार घेता येत नाही असे दिसताच गड्यांनी ठरल्यापेक्षा जास्त मजुरी मागितली. मुकादम त्यांच्यातलाच, तो म्हणाला, मागून बघायला काय जाते असे त्यांना वाटते. किपलिंग पुढे सांगतो की यांतले बहुतेक जण कलावंत होते, कुणी दगडात, कुणी लाकडात, कुणी गटाराचे नळ टाकण्यात. चक्कीच्या बांधातून पंधरा इंची नळ न्यायला लंडनचा कंत्राटदार टोळी घेऊन आला. बांधाच्या पोटात जुन्या विटांचे पक्के बांधकाम निघाले, छिन्नी चालेना, टोळी शिव्या देत परत गेली. ते बांधकाम नेमके कुठे आहे हे गावातल्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक होते. लंडनवाल्यांनी ते पुरेसे खिळखिळे केल्यावर गावकऱ्यांनी उरलेल्यातून नळ अलगद आरपार काढला.

टर्बाइन बसवायला चक्कीच्या पायाखाली थोडे खणले तेव्हा दिसले की सगळी चक्की दोन फूट जाडीच्या चौरस एल्म ओंडक्यांच्या तराफ्यावर उभी आहे. ओंडका नवाकोरा निघाला. हवा लागल्यावर तासाभरात त्याची रुपेरी भुकटी झाली आणि माणसे बघत राहिली, असे किपलिंग लिहितो. एल्म पाण्याखाली शतकानुशतके टिकतो हे खरे. प्राणवायू पोचत नाही म्हणून कुजवणारी बुरशी वाढत नाही. बाहेर काढल्यावर तो आकसतो, तडकतो हेही खरे. पण एवढ्या जाडीच्या ओंडक्याला त्यासाठी दिवस लागतात. तो तास कथाकाराचा आहे. ओंडके मात्र होते, आणि सगळा पाया उकरण्याचा मोह टाळून लागेल तेवढेच काढले, हा त्या कामातला विवेक.

पाण्यासाठी विहीर खणली ती पंचवीस फुटांवर थांबली. वाटेत जेम्स राजाच्या काळातली तंबाखूची चिलीम, क्रॉमवेलच्या काळातला झिजलेला चमचा आणि अगदी तळाशी रोमन लगामाचा काशाचा तुकडा सापडला. एका जुन्या डबक्याचा गाळ काढला तर एलिझाबेथकालीन दोन अखंड मद्यपात्रे आणि त्यांच्याही खाली नवाश्मयुगातली गुळगुळीत कुऱ्हाड निघाली. 1906 साली आलेल्या किपलिंगच्या ‘पक ऑफ पूक्स हिल’मध्ये याच खोऱ्यातल्या जमिनीतून एकामागून एक काळ वर येतात. त्या पुस्तकाचा उगम लोक घराच्या सौंदर्यात शोधतात. मी तो पाण्याच्या टंचाईत शोधेन.

1907 च्या नोबेल पारितोषिकाचे सुमारे 7,700 पौंड मिळाले, त्यातून गुलाबांची बाग आणि मुलांसाठी उथळ तळे झाले. किपलिंगने त्याचा आराखडा स्वतः रंगवला. पाहुण्यांच्या वहीत काही नावांपुढे तीन इंग्रजी अक्षरे दिसतात: एफ, आय, पी. त्यांचा अर्थ, हा पाहुणा तळ्यात पडला.

या सगळ्यात कॅरी कुठे आहे? आत्मचरित्रात ती नावानिशी क्वचित येते. घराचे निर्णय घेणारी दोघांची एक समिती असल्यासारखे किपलिंग लिहितो आणि त्या समितीचा अर्धा भाग ती होती. त्यांची मुलगी एल्सी हिने पुढे कॅरिंग्टनच्या चरित्राला जोडून आठवणी लिहिल्या. पैसा, करार, पत्रव्यवहार, नोकरमाणसे, शेती हे सगळे आई पाहत असे, असे ती सांगते. आईचा करडा स्वभावही ती लपवत नाही. चरित्रकारांनी त्या करडेपणावर पाने खर्च केली. 33 एकरांचे पुढे 300 झाले, लूसच्या लढाईत 1915 साली मुलगा गेला तरी ते घर चालत राहिले, त्यामागचा रोजचा व्यवहार कुणाच्या हातात होता याला त्यांनी तेवढी जागा दिली नाही. यात कागदांचाही दोष आहे. कॅरिंग्टन एका लेखकाचे चरित्र लिहीत होते, त्यामुळे वह्यांतून त्यांनी निवडले ते लेखकाला धरून. दुरुस्तीच्या इतिहासाला लागणारी बारीकसारीक माहिती मूळ वह्यांबरोबर गेली.

नवऱ्याच्या मागे, 1937 साली, आत्मचरित्र छापायला तयार केले ते कॅरीनेच. 1939 च्या डिसेंबरात ती वारली, तेव्हा तिच्या मृत्युपत्राने बेटमन्स नॅशनल ट्रस्टकडे गेले. तिच्या रोजनिशीचे उतारे ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. बेटमन्सवर यापुढे लिहिणाऱ्याने आत्मचरित्र उघडण्याआधी ते वाचावेत.